करंजियाची शाळा आणि श्यामराव हिवाळे

जबलपुराहून कुंडम आणि शहपुरा ही गावे मागे टाकीत पूर्वेकडे जाणारा रस्ता डिंडोरीस पोहोचतो. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीशी या डिंडोरीचे नावापुरतेच साम्य आहे. तेथे द्राक्षांचे मळे, येथे सालवृक्षांची अरण्ये. डिंडोरीहून पुढे गाडासरई, करंजिया, कबीर चबुतरा अशी वळणे घेत हा रस्ता अमरकंटकास जातो. नर्मदामाईच्या उगमाचे दर्शन घेण्यासाठी आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे या वाटेने कधी ना कधी गेलेली असतात, आणि परिक्रमेस निघालेल्या मराठी माणसांची पावले तर या मातीत किती उमटली असतील याची गणतीच नाही. करंजियास गाडी क्षणभर थांबते, चहा होतो, आणि मंडळी पुढे जातात. या गावी १९३२ साली एका टेकडीवर कुडाच्या भिंतींची एक शाळा सुरू झाली, आणि ती चालविणाऱ्या दोघांपैकी एक जण आपल्यासारखाच मराठी होता, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, या प्रदेशाशी मराठी माणसाचे जे नाते जडले त्याचा जमाखर्च मांडावयाचा झाल्यास या शाळेची नोंद जमेच्या बाजूस करावी लागेल, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

जमेची बाजू म्हटली की खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. मंडला हे गढा-मंडल्याच्या गोंड राजांचे स्थान. ज्या राणी दुर्गावतीने मोगल सैन्याशी लढताना १५६४ साली देह ठेवला तिच्या वंशाच्या या राज्यात मराठे प्रथम आले ते फौज घेऊन. इ. स. १७४२ मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव यांनी मंडल्यावर स्वारी केली. राजा महाराजशाह लढाईत पडला, आणि त्याच्या मुलास गादीवर बसविताना चार लक्ष रुपये चौथाईची अट घालण्यात आली. पुढे १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी ते राज्यच खालसा केले व शेवटचा गोंड राजा नरहरशाह यास खुरईच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तेथेच १७८९ मध्ये तो मरण पावला. १७९९ मध्ये मंडला नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे. भोसल्यांच्या अमदानीत मंडला शहराच्या ज्या बाजूस नर्मदेचा वेढा नव्हता त्या बाजूस तट बांधण्यात आला. तट, ठाणी आणि वसुली, एवढाच त्या अमलाचा सारांश निघतो. आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे आपण अभिमानाने ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु डोंगरातल्या गोंडाने त्याच काळाचा इतिहास लिहिला असता तर त्यात पोवाडा नसता, हेही मान्य केले पाहिजे.

इंग्रजी अमलाने या लोकांच्या जंगलावरच हात घातला. बैगा जमात डोंगरउतारावर झाडी तोडून, ती जाळून, त्या राखेत बी पेरीत असे. या शेतीस 'बेवर' म्हणतात. नांगराने धरणीमातेची छाती फाडणे हे पाप आहे, अशी बैगांची श्रद्धा. जंगल खात्यास ही शेती म्हणजे निव्वळ नासाडी वाटली, आणि १८९० साली बैगांकरिता एक ठराविक मुलूख आखून देऊन तेवढ्यापुरतीच बेवराची मुभा ठेवण्यात आली. त्यालाच 'बैगा चक' हे नाव पडले. इतरत्र बैगाने कुऱ्हाड ठेवून नांगर धरावा अशी सक्ती झाली. सरकारी कागद, जंगलाचा रखवालदार, सावकार आणि कलाल या चौघांशी रोज गाठ, आणि अक्षरओळख मात्र नाही, अशी या डोंगरांची स्थिती होती. कागदावर काय लिहिले आहे हे दुसऱ्याने वाचून सांगावे आणि आपण अंगठा उमटवावा, ही लाचारी जेथे आहे तेथे शाळेचा अर्थ शहरातल्यापेक्षा फार निराळा होतो.

आता शाळेच्या संस्थापकांकडे वळू. पुण्यास ख्रिस्त सेवा संघ नावाची एक संस्था होती. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने ती काढली होती, आणि ख्रिस्ती धर्माने भारतात भारतीय पोशाखात, भारतीय राहणीने वावरावे असा तिचा आग्रह होता. ऑक्सफर्डचा एक तेजस्वी पदवीधर, बिशपाचा मुलगा, व्हेरियर एल्विन हा १९२७ साली या संस्थेत दाखल झाला. तेथेच त्याची गाठ श्यामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी पडली. दोघे जवळजवळ एकाच वयाचे. एल्विन महात्माजींच्या सहवासात आला, साबरमतीस गेला, खादी नेसू लागला, आणि इंग्रज असूनही काँग्रेसच्या बाजूने लिहू-बोलू लागला. जानेवारी १९३२ च्या आरंभी मणिभवनात गांधीजींस अटक झाली त्या रात्री एल्विन तेथेच होता. दलितांत काम करावे की आदिवासींत, असा विचार चालू असता वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी गोंडांचे नाव सुचविले होते. या लोकांकडे चर्चचे लक्ष नव्हते आणि काँग्रेसचेही नव्हते. नागपूरच्या बिशपांनी राजनिष्ठेची शपथ मागितली, एल्विनने ती नाकारली, आणि चर्चचा परवाना मिळाला नाही. परवान्यावाचूनच दोघे निघाले. त्याच जानेवारीच्या अखेरीस ते करंजियास पोहोचले.

त्या काळी तेथे जाण्यास जबलपुराहून नीटसा मार्ग नव्हता. कटनी-बिलासपूर लोहमार्गावर पेंड्रा रोड या स्थानकावर उतरून घाट चढून यावे लागे. गावाबाहेरच्या टिकेरी टोला नावाच्या टेकडीवर माती, बांबू व गवत यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. असिसीच्या संत फ्रान्सिसचे नाव आश्रमास दिले गेले. आश्रमाबरोबरच शाळा आणि दवाखाना आले, आणि या सर्व खटाटोपास 'गोंड सेवा मंडळ' हे नाव मिळाले. पहिला निर्णय असा की, कोणाचेही धर्मांतर करावयाचे नाही. चर्चच्या दृष्टीने हे मोठेच पातक, आणि गावकऱ्यांच्या दृष्टीने प्रथमतः अविश्वसनीय. कारण गोरा साहेब काही घेतल्यावाचून परत जातो, असा त्यांचा अनुभव नव्हता. सरकारचाही विश्वास नव्हता. त्याच वर्षी एल्विन स्वदेशी जाऊन परतू लागला तेव्हा राजकारणात पडणार नाही असे लिहून दिल्यावरच त्यास परत येता आले. चर्च नाही, सरकार नाही, आणि काँग्रेसशी उघड संबंध ठेवण्याची मुभा नाही, अशा निराधार स्थितीत ही शाळा सुरू झाली. तिचा खर्च चालत असे तो मित्रांस पत्रे लिहून मिळविलेल्या वर्गणीवर. मुंबईचे कापसाचे व्यापारी व गांधीजींचे स्नेही जहांगीर पटेल यांच्यासारखे काही हितचिंतक नसते तर ती एक पावसाळाही टिकली नसती.

आरंभीची शाळा आश्रमाच्या ठशाची होती. पहाटेची प्रार्थना, स्वच्छता, आणि सूतकताई. परंतु करंजियाच्या डोंगरात कापूस पिकतच नाही! कापूस बाहेरून आणावा, तो मुलांनी कातावा, आणि त्याचे कापड कोणी घ्यावे याची विवंचना करीत बसावे, हा प्रकार थोड्याच दिवसांत निरर्थक वाटू लागला. गोंडांस विणकाम ठाऊक नव्हते. त्यांचे कापड विणणारी जात निराळी होती. चरखा हळूहळू कोपऱ्यात गेला. एल्विनचा गांधीमार्गापासून जो दुरावा पुढे वाढत गेला त्याची मुळे अनेक आहेत, दारूबंदी व ब्रह्मचर्य यांविषयीची त्याची मते त्यांत येतात. परंतु त्यातले एक मूळ या कोपऱ्यातल्या चरख्यापाशी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. पाचच वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि हस्तोद्योगाच्या द्वारा शिक्षण देणारी 'नई तालीम' जन्मास आली. वर्धा व करंजिया ही दोन्ही गावे तेव्हा एकाच मध्य प्रांतात होती. वर्धा म्हणजे काळ्या जमिनीचा, कापसाचा मुलूख. तेथे टकळी मुलाच्या हाती शोभते, कारण कापूस त्याच्या बापाच्या शेतात असतो. मैकल डोंगरात कोदो आणि कुटकी पिकते. शिक्षण परिसरातून उगवावे हे नई तालीमचे तत्त्वच होते, आणि त्या तत्त्वाने पाहिल्यास करंजियाच्या शाळेने चरखा सोडला ही गांधीविचाराशी प्रतारणा म्हणता येणार नाही. मात्र त्या काळच्या निष्ठावंतांस हे पटणे कठीण होते.

शाळा उघडणे सोपे आणि मुले आणणे अवघड, हा अनुभव खेड्यातल्या प्रत्येक शिक्षकास असतो. या डोंगरात तर मुलाच्या दिवसाचा एकेक प्रहर कोणत्या ना कोणत्या कामास बांधलेला. गुरे राखावयाची, धाकटे भावंड कडेवर घ्यावयाचे, पक्षी हाकीत शेतावर बसावयाचे. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळू लागली की पहाटे अंधारातच घरादाराने टोपल्या घेऊन झाडाखाली जावयाचे. त्या दिवसांत हजेरीपट मांडणे म्हणजे केवळ औपचारिकता. पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद, आणि पाऊस ओसरला की हिवताप. रात्री करमा नाचाचा मांदल वाजू लागला तर सकाळी शाळेत कोण येणार? घरात एक वेळची चूल 'पेज'वर भागते. कोदो-कुटकीच्या या पातळ आटवलास गोंड-बैगा 'पेज' म्हणतात हे ऐकून कोकणातून आलेल्या आपल्या मंडळींस आश्चर्य वाटेल. शब्द तोच आणि त्यामागची गरिबीही तीच. अशा पोटाने बाराखडी घोकावयाची असते.

भाषेचा प्रश्न होताच. मंडल्याकडील बहुसंख्य गोंडांनी गोंडी सोडून हिंदीची स्थानिक बोली स्वीकारलेली होती. बैगांच्या बोलीवर छत्तीसगढीचा रंग होता. पाठ्यपुस्तके मात्र शुद्ध हिंदीची. म्हणजे ज्यास हिंदी म्हणून शिकवावयाचे त्यास ती आपली भाषा म्हणून ओळखता येत नाही, अशी विचित्र अवस्था. श्यामरावांची मातृभाषा मराठी, एल्विनची इंग्रजी; दोघांसही ही बोली गावकऱ्यांपासूनच शिकावी लागली. आपण जबलपुरात घरी मराठी, बाजारात बुंदेली आणि कचेरीत हिंदी बोलतो; तिहेरी भाषेचा हा व्यवहार आपल्यास नवा नाही. म्हणूनच बोलीभाषेतून मुलाच्या मनापर्यंत पोहोचण्यास किती सोसावे लागते, याची कल्पना आपल्यास इतरांहून लवकर यावी.

एल्विनची लेखणी मोठी, म्हणून करंजियाचे नाव त्याच्या नावाने ओळखले गेले. त्याची १९३२ पासूनची विनोदी रोजनिशी १९३६ मध्ये लंडनहून पुस्तकरूपाने निघाली, आणि त्या पुस्तकाने हे खेडे इंग्रजी वाचकांच्या ओळखीचे झाले. परंतु लिहिणारा माणूस वर्षातून कित्येक महिने हिंडत असतो. बस्तरात जातो, ओरिसात जातो, मुंबईस पैसे मिळविण्यास जातो, आजारी पडतो. त्या काळात मास्तरांचे पगार, दवाखान्यातली कुनैनची बाटली, कुष्ठरोग्यांच्या आश्रमातले धान्य, आणि रात्री बेरात्री दार ठोठावणारा माणूस, या सर्वांशी ज्याची गाठ असे तो श्यामराव. गावकरी एल्विनला 'बडा भाई' आणि श्यामरावांस 'छोटा भाई' म्हणत. जंगल खात्याचा दंड, सासरी न नांदणारी मुलगी, सावकाराची चिठ्ठी, गुराचा तंटा, असे सारे काही छोट्या भाईकडे येई. आपल्याकडे गावच्या शाळामास्तराकडे पत्र वाचून घेण्यास, अर्ज लिहून घेण्यास माणसे येत, आणि मास्तर नकळत गावाचा कारभारी होई, तसाच हा प्रकार. एल्विनने आपल्या आत्मचरित्रात श्यामरावांविषयी जे लिहिले आहे ते वाचताना, माणसांच्या लहानसहान दुःखांत शिरण्याची ही कला आपण या मित्रापासून शिकलो, अशी त्याची कबुली पानोपानी जाणवते.

करंजियाच्या शाळेमागून आसपासच्या खेड्यांत आणखी शाळा निघाल्या. १९३५ मध्ये एल्विनने चर्चचा रीतसर त्याग केला. 'गोंड सेवा मंडळा'चे पुढे 'भूमिजन सेवा मंडळ' झाले, कारण काम गोंडांपुरते राहिले नव्हते. मुक्कामही हलत गेला, आणि अखेर पाटनगढ या टेकडीवरच्या गावी स्थिरावला. हे गावही याच रस्त्याच्या आसपास, आजच्या डिंडोरी जिल्ह्यात आहे. येथे गोंडांबरोबर परधानांची वस्ती मोठी. परधान म्हणजे गोंडांचे भाट. ठरलेल्या वर्षांनी ते आपल्या गोंड यजमानाच्या घरी जातात, 'बाना' हे तंतुवाद्य वाजवून त्याच्या कुळाची व देवांची गाणी म्हणतात, आणि दान घेऊन परततात. बडा देव या बान्यात राहतो असे ते मानतात. आपल्याकडील वासुदेव, गोंधळी व भाट या तिघांचे थोडे थोडे गुण एकत्र केल्यास परधानाची कल्पना येईल.

या ठिकाणी शाळेच्या इतिहासास जे वळण लागले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्यांना शिकवावयास आलो त्यांच्यापाशी पाठ असलेले गाण्यांचे, कथांचे आणि वंशावळींचे भांडार आपल्या क्रमिक पुस्तकांहून कितीतरी मोठे आहे, हे या दोघांच्या ध्यानात आले. एल्विन व श्यामराव यांनी मिळून गोंडांच्या गाण्यांचा संग्रह १९३५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. मैकल डोंगरातील लोकगीतांचा त्यांचा मोठा संग्रह १९४४ मध्ये निघाला. आणि १९४६ मध्ये श्यामरावांचे स्वतःचे पुस्तक आले, नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांविषयीचे. त्याच वर्षी त्यांनी एल्विनचे एक चरित्रही लिहिले. परधानांवरील ते पुस्तक आजही त्या विषयाचा आधारग्रंथ मानले जाते. मराठी माणसाने या प्रदेशातील एका समाजाविषयी इतक्या जवळून केलेले लेखन आपल्या घरांतील पुस्तकांच्या कपाटात क्वचितच सापडेल, आणि ते मराठीत नसल्याने त्याची वार्ताही आपल्यापर्यंत आली नाही.

आदिवासींचे शिक्षण कसे असावे या प्रश्नावर त्या काळी जो वाद पेटला त्याच्या दोन्ही बाजूंस मराठी नावे आहेत. एल्विनने १९३९ च्या आपल्या बैगांवरील ग्रंथात, या लोकांकरिता राखीव मुलूख असावा, बाहेरच्या सावकार-वकिलांस व सुधारकांस तेथे मज्जाव असावा, अशी सूचना केली होती. मालवणचे सुपुत्र, मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे अध्यापक गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये ग्रंथ लिहून तिचा समाचार घेतला. आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच होत, त्यांना अलग ठेवणे म्हणजे कायमचे मागे ठेवणे होय, असे त्यांचे म्हणणे. घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी दुर्गाबाई भागवत मध्य प्रांतातील आदिवासी भागात संशोधनार्थ हिंडल्या, आणि तेथेच सुरणाची विषबाधा होऊन त्यांच्या आयुष्याची काही वर्षे दुखण्यात गेली. घुर्ये यांचा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. तथापि तो मुंबईच्या ग्रंथालयात सिद्ध झाला होता, आणि करंजियाच्या दारी आलेल्या माणसास जमीनदाराच्या कारकुनापासून आज संरक्षण कोण देणार याचे उत्तर त्यात नव्हते. उलट एल्विनच्या सूचनेत मुलाने अक्षरे शिकून पुढे कोठे जावे याचे उत्तर नव्हते. मनुष्य अलग राहावा असे म्हणावयाचे आणि शाळाही काढावयाची, ही विसंगती त्याच्या कार्याच्या मुळाशीच होती. आपल्यास असे दिसते की श्यामरावांनी या वादात फारसे न पडता शाळा चालू ठेवली.

१९४४ च्या सुमारास आणखी एक वादळ उठले. डच कॅथलिक मिशनऱ्यांनी मंडला जिल्ह्यात मोठ्या संख्येने शाळा काढल्या होत्या, आणि त्यांतून धर्मांतर होते असा आक्षेप एल्विन व श्यामराव यांनी जाहीरपणे घेतला. एकेकाळच्या धर्मोपदेशकाने मिशनविरुद्ध उभे राहावे हे दृश्य विलक्षणच. ठक्करबाप्पांनी या प्रकरणात लक्ष घातले, मंडल्यात कार्यकर्त्यांची संघटना उभी राहिली, आणि तिच्याही शाळा निघाल्या. यातून एक चांगली गोष्ट अशी घडली की, जेथे एकही शाळा नव्हती तेथे दोन दोन झाल्या. वाईट गोष्ट अशी की, गोंडाचे मूल ही मोजदादीची वस्तू झाली. कोणत्या पक्षाच्या पटावर किती, याचीच चर्चा अधिक.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. सरकारने आदिवासी भागातील शाळा आपल्या हाती घेण्यास आरंभ केला, खाजगी वर्गणीचे झरे आटले, आणि संस्थेची ओढाताण वाढली. एल्विनचे घरही मोडले होते. रैतवारच्या कोसी या गोंड मुलीशी त्याने १९४० मध्ये विवाह केला होता. १९४९ मध्ये घटस्फोट झाला, आणि पुढे दीर्घकाळ कोसीने आपल्या गावी हालाखीत दिवस काढले. या माणसाच्या थोरवीचे वर्णन करताना हे पान उलटून टाकण्याची प्रथा आहे; ती मला मान्य नाही. १९५४ च्या आरंभी एल्विनची ईशान्य सीमाभागाच्या प्रशासनात आदिवासी सल्लागार म्हणून नेमणूक झाली व तो शिलाँगकर झाला. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्याचा अंत झाला. त्याच्या आत्मचरित्रास मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बडा भाई गेला. छोटा भाई मात्र पाटनगढास राहिला. ज्या शाळांसाठी बावीस वर्षांपूर्वी दोघे घाट चढून आले होते त्यांचे उरलेसुरले ओझे एकट्या श्यामरावांच्या खांद्यावर आले. सल्लागाराचे पद, मोटार, बंगला आणि कीर्ती शिलाँगास होती. पाटनगढास होती ती परिचित माणसे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, आणि आपण जबलपूरकर मराठी मंडळी एका अर्थाने दुसऱ्यांदा परप्रांतीय झालो. मंडला जिल्ह्यातून १९९८ मध्ये डिंडोरी जिल्हा निराळा निघाला. त्याच्या थोडे आधी, १ जानेवारी १९९७ पासून, मध्य प्रदेश सरकारने शिक्षण हमी योजना सुरू केली. आदिवासी भागातील एखाद्या वस्तीत पंचवीस मुले असतील, एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल, आणि वस्तीने मागणी केली, तर नव्वद दिवसांत तेथे शाळा द्यावयाची, आणि शिकविणारा गुरुजी शक्यतो त्याच वस्तीतला निवडावयाचा. मानधन अत्यल्प, इमारत बहुधा कोणाच्या तरी ओसरीत, शिक्षणाची प्रत वादग्रस्त. या योजनेवर टीका पुष्कळ झाली व तीत तथ्यही होते. पण गावाने मागितलेली शाळा आणि गावाच्या बोलीतला मास्तर, ही कल्पना वाचताना टिकेरी टोल्याच्या त्या कुडाच्या भिंती डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत.

पाटनगढची हकीकत एका मुलाशिवाय पुरी होणार नाही. १९६१ च्या जनगणनेच्या धामधुमीत परधानाच्या घरी जन्मला म्हणून त्याचे नाव 'जनगढ' ठेवले, असे सांगतात. घरच्या गरिबीमुळे शाळा अर्ध्यावर सोडून तो म्हशी राखू लागला. तो घरांच्या भिंतींवर चित्रे काढीत असे. १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी कलावस्तू शोधीत हिंडणाऱ्या, चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी धाडलेल्या मंडळींच्या नजरेस ती चित्रे पडली, आणि जनगढसिंह श्याम भोपाळास गेला. ज्या देवांची गाणी त्याचे पूर्वज बान्यावर गात त्या देवांना त्याने कागदावर व कॅनव्हासवर रूप दिले. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीवर त्याची चित्रे आहेत. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ती मांडली गेली. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असता त्याने तेथेच आत्महत्या केली.

श्यामरावांनी १९४६ साली ज्या परधानांची गाणी व चालीरीती लिहून ठेवल्या, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी जनगढच्या मागोमाग कुंचला हाती घेतला. आज पाटनगढात घरोघरी चित्रे काढली जातात व त्यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. अमरकंटकास जाणाऱ्या मंडळींनी करंजियाच्या अलीकडे गाडी आडवाटेस घेतल्यास, पांढऱ्या मातीच्या भिंतींवर हरणे, मोर, मोहाची झाडे आणि बाना वाजविणारा परधान त्यांस दिसेल.